भारद्वाजाचा फोटो: मागे न लागता कसा काढायचा

नव्यानं पक्षी टिपू लागलेल्या कुणाचाही भारद्वाजाचा फोल्डर उघडा. झुडपात शिरणारी काळी शेपूट, पानांमागे अर्धा विटकरी पंख, आणि एक फोटो जिथे 'इथे होता' एवढंच सांगता येतं. पक्षी मात्र दुर्मीळ अजिबात नाही. शेताचे बांध, नाल्याकाठची झुडपं, बांबूची बेटं, इमारतींच्या मागचा न छाटलेला कोपरा, सगळीकडे तो असतो. कुणी त्याला कुंभारकुकडा म्हणतं, कुणी सोनकावळा, कुणी कुकुडकोंबा. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो असं मानणारेही पुष्कळ. दर्शन देतो, पण पोझ देत नाही.

फोटो हुकतो तो बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटातच. पक्षी दिसतो, आपण कॅमेरा वर करतो आणि त्याच्या दिशेनं चार पावलं टाकतो. खंड्या असता तर उडून दुसऱ्या तारेवर बसला असता, थोड्या वेळानं परत आला असता. भारद्वाजाचा हिशेब वेगळा आहे. तो उडण्यात कच्चा आहे: चार फडफडाटी, मग पंख पसरून तरंगत जवळच्याच झाडोऱ्यात उतरायचं, एवढीच त्याची झेप. त्याचा भरवसा गर्द जाळीवर. धोका वाटला की तो पळून लांब जात नाही, एक पाऊल मागे सरकतो आणि पानांआड होतो. तुम्ही झुडपाला वळसा घालता, तोही आतल्या आत वळसा घालतो. त्या झुडपाची आतली वाट त्याला पाठ असते, तुम्हाला नसते.

म्हणून या लेखाची सगळी मदार एका गोष्टीवर आहे. भारद्वाज रोज काही वेळ आपणहून उघड्यावर येतो. ती जागा आणि ती वेळ शोधायची, आणि तो यायच्या आधी तिथे जाऊन बसायचं.

पहिली पायरी: कॅमेरा घरी ठेवा

पहिल्या दोन-तीन सकाळी नुसती दुर्बीण आणि वही घ्या. दुर्बीण नसली तरी चालेल, वही हवीच. कॅमेरा सोबत असला की माणूस ऐकणं थांबवतो, आणि हा पक्षी आधी कानांनी शोधायचा असतो.

त्याची हाक घुमणारी, खोल: 'हूप-हूप-हूप-हूप', एका सुरात बरीच लांबणारी. बऱ्याचदा एकाला दुसऱ्याचं उत्तर येतं. जोडीतल्या मादीचा आवाज अधिक खर्जातला असतो आणि ती आकारानंही थोडी मोठी असते, पण रंगरूप दोघांचं सारखंच. खर्जातला आवाज झाडोऱ्यातून लांबवर पोहोचतो, मात्र नेमका कुठून येतोय ते कळत नाही. यावर साधा उपाय आहे. हाक चालू असताना एका जागी उभं राहून ज्या दिशेनं आवाज येतोय त्या दिशेचं झाड किंवा खांब लक्षात ठेवा. मग पन्नास-साठ पावलं बाजूला जाऊन पुन्हा तसंच करा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या झुडपाच्या आसपास तो आहे. एकदा करून पाहिलंत की यात गंमत वाटू लागेल.

हे कष्ट वाया जात नाहीत, कारण भारद्वाज आपला इलाका धरून राहणारा पक्षी आहे. विणीच्या काळात एका जोडीचा वावर साधारण १ ते ७ हेक्टरांत असतो. आज ज्या बांधावर हाक ऐकलीत, तिथे पुढच्या आठवड्यात बहुधा तीच जोडी असेल. प्रवास करून नवनव्या जागा पालथ्या घालण्यापेक्षा घराजवळची एक जोडी नीट ओळखीची करून घेतलेली केव्हाही बरी.

दुसरे पक्षीही त्याचा पत्ता सांगतात. गोगलगायी, सुरवंट, टोळ, सरडे, लहान साप असं सगळं तो खातो, आणि इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लंही सोडत नाही. त्यामुळे तो झुडपात फिरू लागला की बुलबुल आणि सातभाई आरडाओरडा सुरू करतात. एकाच जागी गोळा होऊन खालच्या फांद्यांकडे बघत ओरडणारे बुलबुल दिसले तर तिथे साप असेल, मांजर असेल किंवा आपले भारद्वाजबुवा असतील. परिसरात पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची झाडं असतील तर तीही बघून ठेवा. माणसाला आणि गुरांना विषारी असलेली ती फळं भारद्वाज खातो.

वहीत तीन गोष्टी लिहायच्या: हाक कुठून आली, पक्षी प्रत्यक्ष कुठे दिसला, आणि सकाळचं ऊन कुठल्या झुडपाच्या शेंड्याला सर्वांत आधी लागलं. तिसरी नोंद निरर्थक वाटेल, पण सगळा फोटो तिच्यावर उभा आहे.

दुसरी पायरी: उन्हाची जागा शोधा

रात्रभर दवात किंवा पावसात भिजलेल्या गर्द झाडीत राहिल्यावर भारद्वाज सकाळी ऊन खायला वर येतो. झुडपाच्या शेंड्यावर, कुंपणावर, बांबूच्या वाकलेल्या टोकावर बसतो, पंख सैल सोडून दोन्ही बाजूंना पसरतो आणि पाठ उन्हाकडे करतो. पिसं साफ करतो, अंग फुलवतो, डोळे मिचकावतो. हा एरवीचा लाजरा पक्षी त्या वेळी कित्येक मिनिटं एकाच जागी उघड्यावर असतो. हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळी आणि पावसाळ्यात सर ओसरून ऊन पडल्यावर हे हमखास बघायला मिळतं. अशी एखादी जागा त्याला आवडली की तो तिथे पुन्हा पुन्हा येतो.

जागा कशी असते? तिचा पूर्वेकडचा भाग मोकळा असतो, म्हणजे ऊन लवकर पोहोचतं. बसायला रुंद, आडवा आधार असतो. पसरलेल्या पंखांना जागा लागते. आणि एका उडीत शिरता येईल अशी जाळी लगेच खाली असते. या तीन गोष्टी एकत्र असलेली झुडपं एका बांधावर दोन-चारच सापडतील. त्यातलं जे वहीतल्या हाकांच्या जवळ आहे, ते तुमचं.

आता नवशिक्यांना चकवणारा मुद्दा. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते चूक नाही. पण इथे पक्षीही उन्हाकडे पाठ करून बसलेला असतो. तुम्ही सूर्य बरोबर पाठीशी घेऊन बसलात तर तुम्हाला दिसेल त्याची पाठ, पसरलेले विटकरी पंख, आणि पलीकडे बघणारं डोकं. पंखांचा फोटो छान येईल, चेहरा येणार नाही. म्हणून सूर्याच्या रेषेपासून ४५ ते ६० अंश बाजूला सरकून बसा. पिसं साफ करताना तो मान सारखी वळवतो, आणि बाजूनं बघितलं तर त्या प्रत्येक वळणात डोळा दिसतो. तिरप्या उन्हाचा आणखी एक फायदा: मानेवरच्या काळ्या पिसांची निळसर-जांभळी झळाळी समोरच्या सपाट उजेडात मरते, बाजूच्या उजेडात उमटते.

बसायची जागा ठरवताना पक्ष्याच्या मागे काय येणार तेही पाहा. पक्षी काळा आहे. मागे काळोखी जाळी आली तर कडा हरवतात, आकाश आलं तर पक्षी नुसती सावली होतो. लांबवरचं गवत, शेत, दूरची झाडं ही सर्वांत चांगली पार्श्वभूमी. कधीकधी दोन पावलं डावीकडे सरकल्यानं सगळं चित्र बदलतं, आणि ती दोन पावलं पक्षी नसतानाच टाकून बघायची.

तिसरी पायरी: किती लांब, किती लेन्स

शेपटासकट भारद्वाज साधारण ४८ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे छोट्या पक्ष्यांच्या मानानं सोपं गिऱ्हाईक. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटर लेन्स लावून १५ मीटरवरून बघितलं तर फ्रेमची रुंदी पक्ष्याजवळ जेमतेम सव्वा मीटर भरते. आडवा बसलेला पक्षी त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास जागा घेतो. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर असंच चित्र हवं असेल तर ४०० ते ५०० मिलिमीटर लागेल. लांब झूम असलेला, लेन्स न बदलता येणारा ब्रिज कॅमेरा या पक्ष्यासाठी पुरेसा आहे, कारण आपण त्याला सकाळच्या उजेडात, स्थिर बसलेला टिपणार आहोत. फक्त मोबाइल असेल तर पक्ष्यापेक्षा प्रसंग टिपा: उन्हात न्हालेला बांध आणि त्यावर पंख पसरलेली ती आकृती. मोबाइलनं जवळचा फोटो काढायच्या नादात पक्षी उडवण्यात अर्थ नाही.

१५ ते २० मीटर हे अंतर मी पक्कं धरतो. त्याहून जवळ गेल्यानं फोटोला मिळतं थोडं, आणि पक्ष्याचा भरवसा मात्र झपाट्यानं उडतो.

चौथी पायरी: त्याच्या आधी पोहोचणं

त्या झुडपाच्या शेंड्याला ऊन लागायच्या निदान अर्धा तास आधी तुम्ही बसलेले असायला हवं. उजाडताना झाडीतून बाहेर बघणाऱ्या भारद्वाजानं तुम्हाला येताना पाहिलं, की तो वर येण्याचा विचार सोडून देतो किंवा झुडपाच्या पलीकडच्या बाजूला वर येतो. उजाडायच्या आधीपासून तिथेच असलेली, न हलणारी वस्तू त्याला फारशी खटकत नाही.

लपण असेल तर उत्तमच. नसेल तर झाडाला किंवा दगडाला पाठ टेकून बसा, म्हणजे माणसाची उभी आकृती मोडते. कपडे मळखाऊ रंगांचे. टोपी घालाच, कारण चेहऱ्याची हालचाल आणि चमक लांबून दिसते. रस्त्याकडेचा बांध असेल तर गाडी हेच सर्वांत आरामशीर लपण. इंजिन बंद, काच आधीच खाली, आणि दार उघडायचं नाही. कॅमेरा पहिल्यापासून ट्रायपॉडवर, बीनबॅगवर किंवा गुडघ्यावर टेकवून त्या शेंड्याकडे रोखलेला हवा. पक्षी वर आल्यावर मांडीवरचा कॅमेरा डोळ्यापर्यंत नेणं हीच ती हालचाल, जिला तो बिचकतो.

लपण वापरणाऱ्यांची एक जुनी युक्ती इथेही लागू पडते. उशीर झाला आणि पक्ष्याच्या नजरेसमोरूनच जावं लागलं, तर दोघांनी जायचं आणि एकानं आत बसून दुसऱ्यानं उघडपणे, निवांत चालत परत निघून जायचं. धोका आला आणि गेला, असं पक्ष्याचं समाधान होण्याची बरीच शक्यता असते.

आणि समजा काहीच योजना नसताना भारद्वाज अचानक समोर दिसला? तर थांबा. थेट त्याच्याकडे चालू नका, त्याच्या रोखानं टक लावून बघू नका. तिथेच हळू खाली बसा. दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा खाण्यात किंवा पिसं साफ करण्यात गुंतला, तर बसल्या बसल्या तिरकं थोडं सरका आणि पुन्हा थांबा. तो काय करतोय यावर तुमचं पुढचं पाऊल ठरतं. पंख पसरलेले, अंग फुललेलं: ठीक आहे. पिसं साफ करणं मध्येच थांबलं, पंख मिटले, अंग आवळून मान उंच झाली: तुम्ही हद्द ओलांडली आहे. तिथेच थांबा, किंवा जरा मागे सरका. उडी मारून आत गेला तर आजचा दिवस संपला असं समजा. झुडपाला वळसा घालायला जाऊ नका. उद्याही त्याला याच शेंड्यावर यावंसं वाटलं पाहिजे.

पाचवी पायरी: काळ्या पक्ष्याचं एक्स्पोजर

इथे जरा थांबून वाचा, कारण चांगल्या जागी बसलेल्या चांगल्या पक्ष्याचे फोटो इथेच वाया जातात.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे त्यातली उजेड मोजणारी यंत्रणा, समोरच्या दृश्याला मध्यम उजळ करू पाहतो. काळा पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसत असेल तर त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा उजेड, वाढवतो. मग काळा रंग राखाडी होतो आणि उन्हातले विटकरी पंख पेटल्यासारखे नारिंगी होऊन त्यांतला पिसांचा पोत निघून जातो. पक्षी लहान आणि मागे उजळ आकाश असेल तर उलटं घडतं. पक्ष्याच्या जागी काळा डाग उरतो. ऑटोवर भरवसा ठेवलात तर तोच पक्षी त्याच उजेडात एका फोटोत राखाडी आणि पुढच्यात कोळसा दिसेल.

उपाय पक्षी यायच्या आधी करायचा. त्या शेंड्याला ऊन लागलं की मॅन्युअल मोडमध्ये (सगळे आकडे आपणच ठरवायचे) त्याच उन्हातल्या साध्या हिरव्या पानांवर मीटर लावा. फार चकचकीत किंवा पिवळट पानं नकोत. अशी पानं उजळपणात साधारण मध्यमच्या जवळ असतात. त्यावर आलेलं एक्स्पोजर कायम करा, एक चाचणी फोटो काढा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, बघा. आता त्याच उन्हात पक्षी येऊन बसला की काळा काळाच राहील आणि विटकरी विटकरीच, मग मागे आकाश असो की झाडी. ऊन चढत जातं तसं दर दहा-पंधरा मिनिटांनी पानांवर पुन्हा तपासून घ्या.

मॅन्युअलची भीती वाटत असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटीवर राहा (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) आणि कॅमेऱ्याचा अंदाज कमी-जास्त करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वापरा: पक्षी मोठा आणि मागे झाडी असेल तर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), मागे उजळ आकाश असेल तर अधिक एक किंवा त्याहून थोडं जास्त. हे चालतं, पण पक्षी हलला की आकडा बदलावा लागतो, आणि तेवढा वेळ तो देईलच असं नाही.

कॅमेऱ्यात रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर लाल रंगाचा आलेख बघा. कोवळ्या उन्हात भारद्वाजाचे पंख लाल वाहिनी सर्वांत आधी भरून टाकतात. एकत्रित हिस्टोग्राम ठीकठाक दिसत असताना लाल उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि मग पंखावर पिसांच्या कडाच उरत नाहीत. तसं दिसलं तर एक्स्पोजर एक-तृतीयांश स्टॉपनं उतरवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये फोटो काढत असाल, आणि काढाच, तर काळ्या पिसांतला तपशील नंतर थोडा वर काढता येतो, गेलेला लाल परत आणता येत नाही.

सुरुवातीचे आकडे म्हणून: शटर १/५०० ते १/८००, ॲपर्चर एफ ५.६ ते ८, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) उजेडानुसार ४०० ते १६००. १/५०० हा वेग पिसं साफ करणाऱ्या पक्ष्याला पुरतो. ॲपर्चरबद्दल थोडं. क्रॉप सेन्सरवर ४०० मिलिमीटरला, १५ मीटरवरून, एफ ५.६ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ३० सेंटिमीटर असते. पक्षी आडवा असेल तर अडचण नाही. तिरका बसला तर डोळा धारदार आणि शेपटीचं टोक धूसर येईल. मला ते खटकत नाही, पण तुम्हाला खटकत असेल तर एफ ८ वर या. फ्लॅश नको.

पक्षी उन्हातून सावलीत शिरला तर ही सगळी गणितं दोन-तीन स्टॉपनं बदलतात. कॅमेऱ्यात सेटिंग साठवण्याची सोय असेल तर एक उन्हासाठी आणि एक सावलीसाठी आधीच साठवून ठेवा.

सहावी पायरी: पानांतून फोकस

फोकसचं क्षेत्र मोठं ठेवलंत तर कॅमेरा पक्ष्याच्या पुढचं पान पकडणार, हे धरूनच चाला. एक बिंदू किंवा लहानात लहान गट निवडा. काळ्या छातीवर रोखलात तर कॅमेऱ्याला पकडायला काही मिळत नाही आणि लेन्स पुढेमागे होत राहते. लाल डोळ्यावर रोखा. तो सापडत नसेल तर काळी मान आणि विटकरी खांदा जिथे भिडतात तिथे रोखा. तिथे रंगांचा फरक इतका ठळक आहे की कमी उजेडातही फोकस बसतो. पक्ष्यांचा डोळा ओळखणारी सोय नव्या कॅमेऱ्यांत असते आणि उघड्यावर ती झकास चालते. गचपणात ती कधी पानावरचा उजेडाचा ठिपका डोळा समजते, म्हणून तिथे क्षेत्र आवळलेलं बरं.

फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर देता आलं तर द्या. पक्षी एका जागी बसलेला असताना एकदा फोकस बसवून बोट उचललं, की मध्ये पान हललं तरी फोकस ढळत नाही.

आवाजाबद्दल: आवाज न करणारा शटर असेल तर वापरा. बसलेल्या पक्ष्यासाठी तो निर्धोक आहे. उडतानाच्या फोटोत काही कॅमेऱ्यांमध्ये त्यामुळे पंख वाकडे येतात, तेव्हा यांत्रिक शटरवर या. यांत्रिक शटरच वापरायचा असेल तर लांबलचक फैरी झाडू नका. पहिले दोन फोटो काढून थांबा, तो आवाज पक्ष्याला चालतोय का बघा, मग पुढे.

डोळ्यात उजेडाचा ठिपका येईपर्यंत वाट बघा. लाल डोळा चमकेविना निस्तेज दिसतो आणि सगळा फोटो मरगळतो. डोळा लाल नसून करडा-तपकिरी दिसत असेल आणि अंगावर बारीक पट्टे असतील तर कॅमेऱ्याचा दोष काढू नका, ते वर्षाच्या आतलं पिल्लू आहे. असा फोटो मिळाला तर जपून ठेवा. प्रौढांचे फोटो सगळ्यांकडे असतात.

उन्हाखेरीज दोन संधी

पहिली, जमिनीवर. भारद्वाज बराच वेळ चालतो, कोंबड्यासारखा, शेपूट सांभाळत, गवतात भक्ष्य हुडकत. पायवाट किंवा बांधावरची मोकळी फट ओलांडताना तो क्षणभर पूर्ण दिसतो. तो ज्या दिशेनं चाललाय ती फट हेरा, जमिनीशी आडवे व्हा, फटीच्या मध्यावर आधीच फोकस बसवून ठेवा आणि थांबा. डोळ्याच्या पातळीवरून काढलेला चालणारा भारद्वाज उभ्यानं काढलेल्या दहा फोटोंना भारी पडतो. मागच्या बोटाचं लांब, सरळ नख अशा फोटोत दिसतं.

दुसरी, उड्डाण. उडण्याआधी तो बहुतेक वेळा फांद्या चढत वर येतो, खारीसारखा उड्या मारत. वरच्या टोकाला आला, अंग पुढे झुकवलं, की उडणार. दिशा बहुधा शेजारच्या जाळीची, उंची कमी, मार्ग सरळ. शटर १/२००० वर न्या, फ्रेममध्ये पुढे मोकळी जागा ठेवा आणि त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवा. तरंगताना पंख पूर्ण उघडतात, तो क्षण पकडा. उडवण्यासाठी दगड मारणं, टाळ्या वाजवणं हे करणाऱ्यांबरोबर जाऊ नका, एवढंच म्हणतो.

आवाज वाजवणं आणि घरटं

मोबाइलवर त्याची हाक वाजवली की तो बाहेर येतो, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. येतोही कधीकधी. कारण आपल्या इलाक्यात दुसरा शिरला असं त्याला वाटतं. खाणं, ऊन, पिल्लं सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो, आणि फोटोत येतो तो ताणलेला, चिडलेला पक्षी. काही वेळा वाजवलं की उत्तर द्यायचंही सोडतो. ज्या जोडीबरोबर वर्षभर काम करायचं आहे तिच्याशी असं वागणं तोट्याचं आहे.

भारद्वाज कोकिळेच्या कुळातला असूनही आपलं घरटं आपणच बांधतो. गर्द, बऱ्याचदा काटेरी जाळीत पानं आणि काड्यांचा मोठा गोळा, बाजूनं आत जायला वाट. विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. या महिन्यांत एखादा पक्षी चोचीत सरडा किंवा सुरवंट घेऊन एकाच जाळीत पुन्हा पुन्हा शिरताना दिसला तर आत पिल्लं आहेत. तिथून निघा आणि पुढचे काही आठवडे दुसऱ्या जोडीकडे वळा. फांदी बाजूला करून आत डोकावलं की ती उघडी झालेली वाट कावळ्यांना आणि मांजरांनाही दिसते. कायदाही हेच सांगतो: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणंही धरलेलं आहे. अभयारण्यात फोटो काढायचे असतील तर तिथल्या वन विभागाचे नियम वेगळे, ते आधी विचारून घ्या.

चोचीत भक्ष्य असलेल्या पक्ष्याचा फोटो मात्र लांबून, जाळीपासून दूर, वाटेत मिळाला तर जरूर काढा. घरट्याच्या तोंडाशी थांबून नको, कारण तुम्ही असेपर्यंत तो आत जात नाही आणि पिल्लं उपाशी राहतात.

घरी आल्यावर

काळ्या पिसांतला सगळा तपशील वर काढायचा मोह आवरा. शॅडोचा स्लायडर फार वर नेला की काळं करडं होतं, त्यात रंगीत दाणे दिसू लागतात, आणि पक्षी धुळीत लोळल्यासारखा वाटतो. मानेवरची झळाळी दिसेल एवढंच उचला, मग काळ्याचा बिंदू (सर्वांत गडद भाग किती काळा दिसावा ते ठरवणारा स्लायडर) पुन्हा खाली आणा. नारिंगी रंगाची तीव्रता वाढवू नका, जमलं तर किंचित उतरवा. पंख विटकरी आहेत, झेंडूच्या रंगाचे नाहीत. कापताना शेपटीला जागा ठेवा. भारद्वाजाची शेपूट जवळजवळ अर्धी लांबी खाते, आणि ती टोकाशी छाटलेला फोटो बघताना सारखी कुठेतरी चुकचुक लागते.

फोटो टाकताना गाव, तालुका सांगा, नेमकं झुडूप सांगू नका. विणीच्या दिवसांत तर नाहीच.

आणि वही बंद करू नका. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. महाराष्ट्रात या दोन टोकांमधलं अंतर जवळजवळ ५० अंशांचं आहे. ऑक्टोबरमध्ये ज्या शेंड्याला सर्वांत आधी ऊन लागत होतं तो जानेवारीत शेजारच्या झाडाच्या सावलीत गेलेला असू शकतो. मग भारद्वाजही जागा बदलतो, आणि तुम्ही जुन्याच झुडपासमोर बसून राहता. दर सहा-आठ आठवड्यांनी एक सकाळ पुन्हा कॅमेऱ्याशिवाय काढा आणि पहिलं ऊन आता कुठे पडतंय ते लिहून घ्या.